सूर्यनारायणाची थाळी
(रथसप्तमीनिमित्त प्रवचन)

॥ श्रीविठ्ठल प्रसन्न ॥



माघ शुद्ध सप्तमी जवळ आली आहे. रांगोळीने सूर्याचा रथ काढावयाचा, अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ द्यावयाचे आणि उगवत्या बिंबास अर्घ्य द्यावयाचे, हा आपल्या घराण्यांचा आचार. वडोदऱ्यास येऊन पिढ्या लोटल्या, तरी तो सुटलेला नाही. या निमित्ताने पत्रिकेसाठी चार शब्द लिहावयाची आज्ञा तीर्थरूपांनी यंदा मला केली. वडीलधाऱ्यांपुढे उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु माझ्या हातून घडलेली एक चूक आहे, आणि ती सांगण्याचा अधिकार मात्र माझ्यावाचून दुसऱ्या कोणासही नाही. म्हणून हे धाडस.

प्रथम कथा सांगतो. द्यूतात सर्वस्व गमावून पांडव वनात निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर अनेक ब्राह्मणही निघाले. युधिष्ठिरास स्वतःच्या उपाशीपणाची चिंता नव्हती. आपल्या आश्रयास आलेल्यांना काय वाढावे, ही चिंता होती. त्याने पुरोहित धौम्यांना उपाय विचारला. धौम्यांनी सांगितले, सर्व प्राण्यांचे अन्न मुळात सूर्यापासूनच उत्पन्न होते. तेव्हा त्यालाच शरण जा. युधिष्ठिराने आराधना केली आणि सूर्यनारायणाने त्यास तांब्याचे एक पात्र दिले. तीच सूर्याची अक्षय थाळी. वनवासाची बारा वर्षे त्या थाळीने असंख्य लोक जेवविले. मात्र तिला एक मर्यादा होती. दिवसाचे अन्न द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच पुरे. म्हणून अतिथी जेवल्यावर भाऊ, त्यांच्यामागून युधिष्ठिर आणि सर्वांच्या शेवटी द्रौपदी, असा क्रम असे.

या कथेतील चमत्कार आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्यातील व्यवस्थेकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. देवाने थाळी दिली, पण पंगतीत कोणी राहिले आहे की काय, हे पाहावयाचे काम माणसांवरच ठेवले. सूर्याचे दान अक्षय खरे. ते शेवटच्या मनुष्यापर्यंत पोहोचविणारे हात आपले.

आता माझी चूक. ऑगस्ट 2024 मधील विश्वामित्रीचा महापूर आपण कोणीही विसरलो नसू. काळा घोडा पुलापाशी 25 फुटांना धोक्याची पातळी मानतात. त्या वेळी पाणी 35 फुटांच्याही वर गेले. वस्त्यांतून मगरी फिरत होत्या, आणि शहराच्या कित्येक भागांत दिवसचे दिवस वीज नव्हती. पहिल्या रात्री आम्ही चार-पाच तरुण सखल गल्ल्यांतून कमरेइतक्या पाण्यात दारोदार फिरत होतो. प्रत्येक दारी कडी वाजवावी, "घरात कोणी आहे का?" म्हणून मोठ्याने हाक मारावी, उत्तर आले की माणसांना बाहेर काढावे, न आले की घर रिकामे समजून पुढे जावे, अशी आमची रीत होती. एका दारी तीन वेळा हाक मारली. उत्तर आले नाही. आम्ही पुढे गेलो.

त्या घरात एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहतात. आपल्या मंदिरात कीर्तनास ते सर्वांत पुढे, बुवांच्या तोंडाकडे पाहत बसतात. त्यांना फार कमी ऐकू येते आणि ते कानास यंत्र लावतात, हे मला लहानपणापासून माहीत होते. कानाचे यंत्र निजताना काढून ठेवावे लागते, हेही माहीत होते. तरीसुद्धा त्या रात्री मी त्यांना हाकच मारली! ती सगळी रात्र त्यांनी माळ्यावर बसून काढली. सकाळी उजेडात शेजाऱ्यांना ते खिडकीतून दिसले. आम्ही त्यांना खाली घेतले, तेव्हा ते अगदी सहज, रागाचा लेशही न ठेवता म्हणाले, "रात्री हाक मारली असतीस, तर तेव्हाच खाली आलो असतो रे बाळा."

मी काय उत्तर देणार? हाक मारली होती, म्हणूनच ते तेथे राहिले होते.

पुढील दोन दिवस ते मंदिराच्या सभामंडपात इतरांबरोबर होते. त्यांचे यंत्र कोरडे होते, परंतु ते पेटीत ठेवून विजेवर भरावे लागणाऱ्या जातीचे असल्याने बंद पडले होते. आम्ही कर्ण्यावरून पुकारा करीत होतो : जेवण आले, औषधे आली, डॉक्टर आले. सर्व उठत, ते सर्व उठल्यावर उठत. दिवसा आमच्या ओठांवरून आणि पाटीवर लिहून थोडेबहुत संभाषण होई. रात्र पडली की तेही संपे. गाभाऱ्यातील समईचा उजेड मंडपाच्या कोपऱ्यापर्यंत कोठून पोहोचणार? माझ्या वडिलांच्या हे प्रथम ध्यानी आले. त्यांनी मंदिरातला एकुलता एक कंदील उचलला, आजोबांच्या समोर नेऊन ठेवला आणि स्वतःचा चेहरा उजेडात येईल असे बसले. त्या रात्री आजोबा तासभर बोलत होते.

तिसऱ्या दिवशी ऊन पडले. गल्लीतील एका विद्यार्थ्याजवळ डोंगरभ्रमंतीसाठी घेतलेली, पुस्तकाएवढी, उन्हावर वीज करणारी घडीची पट्टी होती. ती मंदिराच्या गच्चीवर पसरून तिला यंत्राची पेटी जोडली. दुपारपर्यंत यंत्र भरले. कानास लावताच त्यांनी पहिला प्रश्न केला, "पाणी किती उतरले?" दोन दिवस त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते.

हे आमच्या एका गल्लीतच घडले असे नव्हे. मागाहून मी याविषयी जे वाचले, ते थोडक्यात सांगतो. 12 जानेवारी 2010 रोजी हैती या गरीब देशात 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला आणि पोर्त-ओ-प्रिन्स या राजधानीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस शोधताना बचावपथके सर्वांना गप्प करून हाक मारतात आणि आतून उत्तराची वाट पाहतात. ज्यास ऐकू येत नाही, त्यास आपल्याला कोणी शोधीत आहे हे कळणार तरी कसे? वाचलेल्या बधिर कुटुंबांपैकी कित्येक जण त्या शहरातील एका छावणीत एकमेकांच्या आधाराने तंबूंत राहिले, आणि पुढे लेवेक नावाच्या गावी त्यांच्यापैकी अनेकांना घरे मिळाली. जपानात 11 मार्च 2011 रोजी भूकंपामागून समुद्र आत घुसला, तेव्हा धोक्याचे इशारे भोंग्यांवरून दिले गेले. त्या संकटात अपंगांमधील मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होते. आपल्या महाराष्ट्रात किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास झाला. त्या प्रहरी कानाचे यंत्र कोणाच्या कानास असते?

छावणीतील अंधाराविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. जन्मतः बधिर असलेले अनेक लोक हातांच्या खुणांची भाषा बोलतात. ती खरी, व्याकरणबद्ध भाषा आहे. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 2021 साली तिचा दहा हजार शब्दांचा कोश पूर्ण केला. परंतु ही भाषा डोळ्यांनी ऐकावयाची आहे. दिवा मालवला की आई आणि मूल शेजारी बसूनही एकमेकांशी बोलू शकत नाहीत. आपल्यासाठी दिवा म्हणजे प्रकाश. त्यांच्यासाठी दिवा म्हणजे वाणी. ज्या तंबूत वीज नाही, तेथे दिवसा उन्हात ठेवून रात्री लावावयाचा एक छोटा सौरदिवा कोणास किती बोलके करीत असेल, याची कल्पना करावी.

ज्यांना यंत्राचा उपयोग होतो, त्यांच्यासाठीही सूर्यनारायणाची थाळी तयार आहे. साध्या यंत्रातील बटणाएवढा सेल आठ-दहा दिवसांत संपतो. श्रीमंताला ती अडचण वाटत नाही. गरिबाचे यंत्र मात्र सेलावाचून फडताळात पडून राहते, आणि आपत्तीत दुकानेच बंद असल्यावर गरीब-श्रीमंत हा भेदही उरत नाही. आफ्रिकेतील बोट्स्वाना देशात ओत्से नावाच्या गावी गोदिसा या संस्थेने यावर उपाय काढला. पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल आणि ते उन्हात भरणारी हातात मावेल एवढी पेटी त्यांनी बनविली. असा सेल दोन-तीन वर्षे चालतो. कॅनडाचे हॉवर्ड वाइनस्टाइन हे व्यापारी दहा वर्षांच्या मुलीच्या अकाली मृत्यूने खचून गेले होते. ते या कामात येऊन मिळाले आणि पुढे त्यांनी ते ब्राझीलपर्यंत नेले. पण मला सर्वांत मोठे वाटते ते हे की, ही यंत्रे जोडणारे कारागीर स्वतः बधिर आहेत. खुणांच्या भाषेने हात आणि डोळे यांचा जो मेळ बसतो, तो सूक्ष्म तारा जोडण्याच्या कामी येतो. ज्यांना जग दयेचे पात्र समजत होते, तेच दाते झाले. वनवासात असूनही पांडव वाढणारेच राहिले, त्याची मला आठवण झाली.

येथे एक शंका कोणी घेईल. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवण. श्रीसमर्थांनीही दासबोधात नवविधा भक्ती सांगताना प्रारंभ श्रवणापासूनच केला. मग ज्यास ऐकू येत नाही, त्यास पहिल्या पायरीवरच अडविले म्हणावे काय? आणि बहिरेपण हे पूर्वकर्माचे फळ, असेही आपल्यापैकी काही जण हळूच म्हणतात. मनुस्मृतीने बहिऱ्यास वारशाचा वाटा नाकारला, हे खरे आहे. त्याच्या अन्नवस्त्राची सोय न करणारा पतित होतो, हेही तेथेच सांगितले आहे. वाटा नाकारण्याचा नियम काळाने मागे टाकला; 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने अशा व्यंगावरून वारसा नाकारता येत नाही. पालनाचा धर्म मात्र मागे पडलेला नाही. कर्माचा सिद्धांत स्वतःच्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्याचे निमित्त म्हणून तो कोणाही संताने सांगितलेला नाही.

आणि श्रवण म्हणजे केवळ कानावर आवाज पडणे असते, तर मंदिराच्या घंटेइतके श्रवण कोणी केले असते? जे सांगितले जात आहे ते अंतःकरणापर्यंत पोहोचणे, हे श्रवण. आजोबा बुवांच्या ओठांवर दृष्टी खिळवून अभंग ऐकतात. त्यांचे श्रवण पूर्ण आहे. पुराच्या रात्री त्या बंद दाराशी बहिरा होता तो मी. शांतता म्हणजे रिकामे घर, असे मी समजलो. ती शांतता मला काही सांगत होती. मी ती ऐकली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे 43 कोटी लोकांना श्रवणदोषावर उपचार किंवा साहाय्याची गरज आहे. भारताच्या 2011 च्या जनगणनेत अशा व्यक्तींची नोंद 50 लाखांवर आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने आपत्तीत समान संरक्षणाचा हक्क सांगितला असून, जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे काम ठरविले आहे. सरकारने आपले काम करावेच. पण पूर आला की पहिल्या तासात दाराशी पोहोचतो तो शेजारी.

म्हणून कार्यकारी मंडळाच्या विचारार्थ नम्रपणे काही सुचवितो. ज्या सभासद-घरी कमी ऐकू येणारी किंवा बधिर व्यक्ती आहे, त्या घरांची यादी त्यांच्या संमतीने करावी, आणि प्रत्येक घरासाठी दोन तरुण नेमावेत. त्यांनी हाक मारून परत फिरावयाचे नाही. आत जाऊन, खांद्यास स्पर्श करून खात्री करावयाची. अशा प्रत्येक घरी एक सौरदिवा, यंत्र भरता येईल अशी एक सौरपट्टी, यंत्र कोरडे ठेवण्यास घट्ट झाकणाची डबी, एक शिटी आणि "मला ऐकू येत नाही, कृपया लिहून सांगा" असे मराठीत व गुजरातीत लिहिलेले एक कार्ड असावे. मंदिरात आपत्तीच्या वेळी जो पुकारा होईल, तो फळ्यावरही लिहिला जावा, आणि त्या फळ्यापाशी रात्री दिवा असावा. यंदाच्या रथसप्तमीची दक्षिणा या कामी लावावी, अशी माझ्या वडिलांची इच्छा आहे, आणि त्यांनी आपला वाटा आधीच बाजूस काढून ठेविला आहे.

सप्तमीच्या सकाळी आपण अर्घ्य देऊ, तेव्हा सूर्यनारायण नेहमीप्रमाणे काहीही न विचारता सर्वांच्या गच्चीवर सारखाच येईल. त्याची थाळी तेव्हाही अक्षय होती, आजही आहे. आपण जेवावयास बसण्यापूर्वी एवढेच पाहावे की पंगतीत कोणाचे पान मांडावयाचे राहिलेले नाही. आणि ज्यास "जेवावयास चला" ही हाक ऐकू गेली नसेल, त्यास उठून, हात धरून घेऊन यावे.

पांडुरंग आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो.

॥ शुभं भवतु ॥