व्याधी आणि प्राक्तन

रोग हे पूर्वजन्मीच्या पातकाचे फळ होय, असा निवाडा देऊन आपल्या कर्मविपाकग्रंथांनी रुग्णाच्या यातनांत अपराधाची भर घातली, याचा मला मनस्वी विषाद वाटतो. सिकलसेल या रक्तविकारात, शास्त्रज्ञ इंग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखविल्याप्रमाणे, हिमोग्लोबिनमधील एका ग्लुटामिक आम्लाची जागा व्हॅलीन घेते, आणि तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्या रोधतात; परंतु हा बदल घडविणारे जनुक मातापित्यांपैकी एकाकडूनच आले असता प्राणघातक हिवतापापासून बालकाचे पुष्कळसे रक्षण करते, म्हणूनच हिवतापाच्या मुलखांत ते टिकून राहिले. एका भावाला तारणारे जनुक दुसऱ्यास वेदनेच्या हवाली करते, तेथे पापपुण्याची कोणती जमाबंदी लावावी? गडचिरोली-नंदुरबारकडील अशा बालकांच्या आईबापांना, कृपा करून, कोणी प्राक्तनाचा जाब विचारू नये.