वर्गणीची पावती

१९७९ साली मी चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खदानीत लोडर म्हणून लागलो. पगाराच्या दिवशी युनियनचे नेताजी पावतीपुस्तक घेऊन गेटावर उभे असत. वर्गणी हातात ठेवायची आणि ठेवता ठेवता चार शब्द सुनवायचे. खाली प्यायला धड पाणी नाही म्हणून मी एकदा तीन महिने वर्गणी अडवली. चौथ्या महिन्यात नेताजी सायकल मारत क्वार्टरवर आले, शिव्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांसमोर जाऊन बसले.

पुढे वर्गणी पगारातूनच कापली जाऊ लागली. सह्या आम्हीच दिल्या होत्या. सगळ्यांची सोय झाली, नेताजींची जरा जास्तच. युनियन आमच्यापासून दुरावली ती मालकानं फोडली म्हणून नव्हे, या सोयीनं, असं मला आता वाटतं.

मालक तर त्याआधीच बदलला होता. १९७३ मध्ये खाणी सरकारच्या झाल्या, १९७५ पासून देशभरच्या कोळसा कामगारांना एकच वेतन करार लागू झाला. त्या करारानं माझी मुलं शिकली. खाल्ल्या मिठाला मी जागतो. पण पगार दूर कुठंतरी ठरू लागल्यावर खदानीवर भांडायला उरलं काय? क्वार्टर, बदली आणि रविवारची ड्युटी. मॅनेजर दोन-तीन वर्षांचा पाहुणा. तोही वरच्या कागदाची वाट पाहणार, नेताजीही.

याउलट धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखा गावात ग्रामसभा एकमत होईस्तोवर बसते. २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना तिनं आपल्या हाती घेतला. खदान म्हणजे गाव नव्हे, हे कळतं मला. तरी ठरवणारे आणि सोसणारे तिथं एकाच सतरंजीवर असतात, याचा हेवा वाटतो.

कोळसा कामगारांचा अकरावा वेतन करार २०२३ मध्ये झाला, किमान १९ टक्के वाढीचा. ठेकेदारी पोरं त्यात नाहीत. ठेकेदारी आली तेव्हा आपल्या पगाराला हात लागत नाही ना, एवढं पाहून आम्ही परमनंट गप्प बसलो. चामोर्शीकडचा एक टिप्परवाला पोरगा माझ्या शेजारी भाड्यानं राहतो. त्याच्या कार्डावर एका कंपनीचं नाव, पैसे येतात दुसरीकडून. "काका, भांडाचं कोनासंग जी?" त्यानं विचारलं.

मी ट्रंकेतली जुनी पावती काढून दाखवली. त्यानं ती उलटसुलट पाहिली.

"हे सही कोनाची व्हय जी?"