बाळंतपणाआधी बोलायचे ते

देशातली ८९ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणे आता दवाखान्यात होतात. महाराष्ट्रात हे प्रमाण ९५ टक्क्यांजवळ आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला हा आकडा अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगावाच. पण त्यातून उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. बाई दवाखान्यात आलीच आहे, तर पुढचा पाळणा लांबवण्याची किंवा थांबवण्याची सोयही याच मुक्कामात लावून टाकावी, असा यंत्रणेचा कल असतो. वैद्यकीयदृष्ट्या त्यात गैर काही नाही. बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते, सात दिवसांच्या आत नसबंदीची शस्त्रक्रिया करता येते. गैर असते ती विचारण्याची वेळ. कळा चालू असताना किंवा टाके पडत असताना कोणी ‘बसवायची ना?’ विचारले आणि बाईने मान हलवली, तर त्याला संमती म्हणणे ही आपली सोय झाली.

हे बोलणे गरोदरपणातच व्हायला हवे, हे आरोग्य खात्यालाही मान्य आहे. अडचण येते ती जागेची आणि वेळेची. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रांग लागते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोट तपासणे यात डॉक्टरांची मिनिटे संपतात. सोबत सासू असते, बाकावर शेजारीण असते. तिथे गर्भनिरोधनाचा विषय निघालाच तर एका वाक्यात उरकतो.

खरे तर तो एका वाक्यात मावणारा विषय नाही. अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, ही समजूत घरोघरी आहे आणि ती अर्धीच खरी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला दिवसरात्र फक्त अंगावरचे दूध दिले जात असेल आणि आईची पाळी परत सुरू झाली नसेल, तरच तिचा आधार घेता येतो. तिन्हीपैकी एक अट मोडली की आधार गेला. पाळी येण्याआधीही बीज सुटते, त्यामुळे ‘पाळी आली की बघू’ म्हणणारी बाई पाळी न येताच पुन्हा गरोदर राहू शकते. ‘छाया’ ही हार्मोनविरहित गोळी पाजणाऱ्या आईला चालते, पण पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते आणि त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते. हे आधी सांगितले नाही तर बाई घाबरून दुसरे इंजेक्शन घेतच नाही. ‘माला-एन’ ही हार्मोनयुक्त गोळी पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने देत नाहीत. दोन बाळंतपणांत अंतर का ठेवायचे, हेही सांगायचे असते. बाळ झाल्यावर पुढचे गरोदरपण किमान दोन वर्षांनी यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. एवढे सगळे ऐकायचे, घरी जाऊन त्यावर विचार करायचा, शंका आली की परत विचारायची, यासाठी महिने लागतात. गरोदरपणात ते असतात. फोनवरच्या सल्ल्याचे मोल मला इथे दिसते. दूरवैद्यकाचे (टेलिमेडिसिनचे) कौतुक करताना आपण वाचलेले किलोमीटर मोजतो. या विषयात त्याने बाईला विचार करायला वेळ मिळवून दिला, तर ते जास्त मोलाचे.

फोन बाईबरोबर जातो, हेही महत्त्वाचे. आपल्याकडे नाव सासरच्या उपकेंद्रात नोंदवलेले असते आणि बाळंतपण माहेरी होते. तपासणारी सिस्टर एक, बाळंतपण करणारे डॉक्टर दुसरे; आधीचे बोलणे कार्डावर उतरलेले नसते. बीडकडून दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची अवस्था याहून बिकट. गावची आशाताई मागे राहते आणि फडावर तिची विचारपूस करणारे कोणीच नसते. या मजूर स्त्रियांमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारला समिती नेमावी लागली. विश्वासाने विचारावे असे माणूस जवळ नसले की मोठे निर्णय कसे घाईने आणि कायमचे होतात, ते तिथे दिसले.

अशा फोनसाठी कायद्याची चौकट आज उपलब्ध आहे. २५ मार्च २०२० ला केंद्राने दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेवरच्या सल्ल्यांनी फेब्रुवारी २०२३ पर्यंत १० कोटींचा टप्पा गाठला. त्या सूचनांतला एक नियम इथे फार उपयोगी आहे. रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती गृहीत धरता येते. आरोग्य कर्मचाऱ्याने किंवा डॉक्टरने जोडून दिला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. गरोदर बाईला आलेला कुटुंब नियोजनाचा फोन बहुधा दुसऱ्या प्रकारचा असणार. ‘या विषयावर बोलायचे आहे का, आणि आत्ता एकट्या आहात का?’ हे दोन प्रश्न त्या संभाषणाच्या सुरुवातीलाच यायला हवेत.

दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच कळीचा आहे. २०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे अनेक घरांत फोन नवऱ्याचा, स्पीकर चालू आणि सासू शेजारी. उपकेंद्रात कॅमेऱ्यासमोर बसवले तरी दार उघडेच असते. आडोसा राखून दुरून सल्ला देण्याची परंपरा खरे तर महाराष्ट्राला आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. त्या मासिकापायी खटलेही सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. कर्व्यांच्या वाचकाला स्वतःला झाकून विचारता येत होते. मोबाइलवर ही सोय आपोआप मिळत नाही. कॉलची नोंद राहते, संदेश दुसऱ्याच्या नजरेस पडतो. त्यामुळे एकटी नसलेल्या बाईला फक्त हो-नाही अशी उत्तरे देता येतील असे प्रश्न विचारणे, तिने सांगितलेल्या वेळी परत फोन करणे आणि ‘संदेश पाठवू नका’ म्हटले तर न पाठवणे, हे सल्लागाराच्या शिक्षणातच असले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे आशाताई दारात येऊन करतेच की. करते, आणि तिच्याशिवाय यातले काही उभे राहणार नाही. तांबी फोनवरून बसत नाही, रक्तदाब फोनवर मोजला जात नाही, आणि उपकेंद्रात ‘अंतरा’ संपलेले असेल तर उत्तम सल्लाही वाया जातो. धडगाव-अक्कलकुव्यात किंवा मेळघाटात रेंज नसते आणि शहरी डॉक्टरची मराठी पावरी किंवा कोरकू बोलणाऱ्या बाईला परकी वाटते. तिथे आशाताईच हवी. पण आशाताई गावातलीच असते, कधी भावकीतलीही. ‘हे मूल मला नको होते’ किंवा ‘नवरा ऐकत नाही’ हे वाक्य ओळखीच्या माणसापेक्षा अनोळखी आवाजाजवळ बोलणे काहींना सोपे जाते. दोन्ही वाटा खुल्या असाव्यात आणि निवड बाईने करावी.

खरी भीती मला यंत्रणेच्या जुन्या सवयीची वाटते. १९५२ मध्ये देशव्यापी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत जगातला पहिला देश. त्याच देशात आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली, आणि १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. १९९६ मध्ये कुटुंब नियोजनाची संख्यात्मक उद्दिष्टे कागदोपत्री रद्द झाली, तरी २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या शस्त्रक्रिया शिबिरानंतर तेरा बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगावे लागले. या इतिहासाचा भार कोणी वाहिला, हेही आकड्यांत दिसते. २०१९-२१ च्या पाहणीत देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के होते, पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असूनही हे प्रमाण आहे. फोन या बाबतीत उपयोगी पडू शकतो. बाईची परवानगी असेल तर नवऱ्याला वेगळा फोन करावा आणि निरोधपासून नसबंदीपर्यंत त्याच्या वाट्याचे त्याला सांगावे. तपासणीच्या रांगेत तो सहसा नसतो, खिशात मोबाइल मात्र असतो.

उद्या या कामाचा हिशेब मागितला जाईल तेव्हा महिन्यात किती फोन झाले आणि त्यातून किती तांब्या बसल्या, हेच तक्ते पुढे आले तर जुनी उद्दिष्टे नव्या उपकरणातून घरात शिरली असे समजावे. पाहायचे ते वेगळेच: निर्णय बाळंतपणाआधी झाला का, नंतर तिने तो बदलला तेव्हा तो तसाच नोंदवला गेला का, आणि काहीही नको म्हणणाऱ्या बाईची पुढची तपासणी तितक्याच आस्थेने झाली का. ‘नाही’ म्हणणाऱ्या बाया ज्या नोंदवहीत एकही सापडत नाहीत, तिथे सल्ला दिला गेलाच नाही असे मानायला हरकत नाही.