गोणीचं वजन

घरच्या लेआउटवर मुंबईची गोदी उभी करायची, तर पहिलं खोटं रुळांतच येतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ प्रमाणात तो साधारण १९.३ व्हायला हवा. बाजारातला एचओ ट्रॅक मात्र १६.५ चा. हा फरक चालवून घेतला तर कुणाचं काही बिघडत नाही.

मग धक्क्यावरचे हमाल वगळले तर? वाघिणी, क्रेन, कापसाच्या गाठी, ब्रशने चढवलेला गंज, सगळं अचूक. फक्त माणसं नाहीत. हेही चालवून घ्यायचं?

मला वाटतं, नाही. रुळांचं खोटं मापाचं आहे, हे खोटं श्रेयाचं. १९१५ साली सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्ट रेल्वेच्या वाघिणी आपोआप भरत नव्हत्या. गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा यायला १९४८ साल उजाडलं.

माणसं ठेवली म्हणजे न्याय झाला, असंही नाही. लांबी ८७ पटींनी घटते, पण वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाख पटींहून जास्त. शंभर किलोची गोणी पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. दृश्य लहान करता येतं. ओझं लहान केलं की उरतच नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तपशील लपवायची सवय असते. ॲपवर डिलिव्हरीवाला म्हणजे नकाशावरचा सरकता ठिपका. म्हणूनच दोनएक सेंटिमीटरचा तो वाकलेला माणूस धक्क्यावर चिकटवावा. ओझं किती होतं हे तो सांगू शकत नाही. ते कुणाच्या तरी पाठीवर होतं, एवढं सांगतो.