मुका जीव आणि आपले घर

मुलांसाठी कोणता प्राणी पाळावा? आमच्या मुलांनी पोपट मागितला होता. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार देशी पोपट पाळणे गुन्हा आहे. शिवाय पाखराला पिंजऱ्यात कोंडून मुलांना दया कशी शिकवणार? म्हणून आम्ही मांजरी आणली. हजरत अबू हुरैरा यांचे नावच मांजराच्या पिल्लावरून पडलेले. मांजर नापाक नाही, ही हदीसही घरात सर्वांना ठाऊक. निवड योग्य वाटली.

मे महिन्यात लग्नासाठी दोन दिवस परगावी गेलो. वर्ध्याचे ते ऊन! घाईत सामानाच्या खोलीला कडी लावली. मांजरी आतच राहिली. परतलो तेव्हा ती जिवंत होती, पण उभी राहू शकत नव्हती. धाकटीने विचारले, "अब्बा, मांजरीला बांधून उपाशी मारणाऱ्या बाईला अल्लाहने शिक्षा दिली ना?" ही हदीस आम्हीच तिला शिकवली होती.

तिने जाणूनबुजून केले, आपल्याकडून विसरून झाले, हे उत्तर ओठांवर होते. पण तहान हा फरक जाणते काय?

मांजर बारा-पंधरा वर्षे जगते. तोवर मुले मोठी होतात, त्यांची हौस फिटते. हक्क मात्र उरतो. तेव्हा कोणता प्राणी आपल्या मुलांना शोभेल, यापेक्षा आपले घर त्या जिवाची अमानत सांभाळण्यास लायक आहे काय, हे आधी विचारावे. आम्ही ते उशिरा विचारले.