अग्निवेशाचा प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नावाचा एक अध्याय आहे. मुलूखच्या मुलूख ओस पाडणाऱ्या साथींविषयीचा. त्याची सुरुवात एखाद्या कथेसारखी आहे. उन्हाळा सरत आला आहे, पांचाल देशाची राजधानी कांपिल्य, गंगेचा काठ, आणि शिष्यांना घेऊन रानात फिरणारे आत्रेय. निसर्गाची लक्षणे बिघडलेली दिसतात, असे ते सांगतात. जमिनीचा कस जाण्याआधी औषधी वनस्पती काढून ठेवा, असे बजावतात. त्यावर अग्निवेश, म्हणजे वैद्यक शिकणारा एक विद्यार्थी, प्रश्न विचारतो. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, ताकद वेगळी, वय वेगळे. मग एकाच वेळी एकाच रोगाने सगळा प्रदेश कसा उजाड होतो? हा प्रश्न साधा नाही. रोग्याची प्रकृती पाहून उपचार ठरवणाऱ्या शास्त्राला त्याच्याच विद्यार्थ्याने दिलेले ते आव्हान आहे. करोनाच्या साथीतून बाहेर पडलेल्या आपल्या पिढीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला हाच प्रश्न आला आहे. माझे आरोग्य माझ्या एकट्याचे आहे का? आणि मी जे शिकतो, ते तरी माझ्या एकट्याचे आहे का?

आत्रेयांचे उत्तर असे: माणसे वेगवेगळी असली तरी चार गोष्टी सगळ्यांच्या सामायिक आहेत. वायू, जल, देश आणि काळ. त्या बिघडल्या की प्रकृतीचे भेद माणसाला वाचवत नाहीत. आजच्या भाषेत आपण विषाणू म्हणू, हवेतून होणारा प्रसार म्हणू. ग्रहनक्षत्रांबद्दलचा त्या अध्यायातला भाग बाजूला ठेवू. जुन्या ग्रंथात आजचे विज्ञान शोधायला जाणे विज्ञानावर आणि ग्रंथावरही अन्याय करणारे आहे. पण साथीचा विचार करायचा तर एकेका शरीराकडे बघून भागत नाही, सगळे मिळून जे वापरतात त्याच्याकडे बघावे लागते, ही त्यातली दृष्टी आजही खरी आहे. माझे म्हणणे त्या दृष्टीला पुढे नेण्याचे आहे. या चार सामायिक गोष्टींच्या जोडीला पाचवी आहे, ती म्हणजे विद्या. हवा बिघडली की सगळे आजारी पडतात, तसे ज्ञान अडवले की सगळेच असुरक्षित होतात. म्हणून शिक्षण आणि आरोग्य हे दोन खात्यांचे दोन विषय नाहीत. तो एकच प्रश्न आहे आणि तो धर्माचा आहे. इथे धर्म म्हणजे पूजापाठ नव्हे. माणसांना एकमेकांशी धरून ठेवते ते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. अग्निवेश पुढे विचारतो, मुळात हे चार घटक बिघडतात कशाने? उत्तर मिळते: अधर्माने; आणि अधर्माच्या मुळाशी प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धीकडून घडलेली चूक. रोगाला अधर्माशी जोडणे म्हणजे रोग्यालाच दोषी ठरवणे नाही का? साथीच्या काळात हे आपण पाहिले आहे. बाधित घराकडे बोट दाखवणे, इस्पितळात राबून आलेल्या परिचारिकेला घर सोडायला सांगणे, मृत्यूला पूर्वकर्माचे फळ म्हणून मोकळे होणे. पूर्वी केलेल्या कर्माचा उल्लेख त्या अध्यायातही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यातल्या आरोपींचा क्रम नीट पाहावा. सर्वांत आधी नाव येते ते देश, नगर आणि जनपद यांच्या प्रमुखांचे. ते धर्म सोडून प्रजेशी वागतात, मग त्यांचे आश्रित आणि व्यवहार करणारे तो अधर्म वाढवत नेतात. दैवावर सगळे टाकणाऱ्यालाही तोच अध्याय उत्तर देतो. आयुष्य आधीच ठरलेले असते तर औषधाचा उपयोग काय, असा तिथला युक्तिवाद आहे. दैव आणि पुरुषार्थ या दोन्हींवर आयुष्य अवलंबून असते, असा निष्कर्ष आहे. विषाणू निसर्गातून येतो. पण कोणाला खाट मिळते आणि कोण दारात तडफडतो, हे माणसे ठरवतात. अधर्म हा शब्द त्या ठरवण्याला लागू पडतो, आजाऱ्याला नव्हे.

तरीही परंपरेची बाजू घेताना तिची मर्यादा सांगितली पाहिजे. विमानस्थानातच पुढे, विद्यार्थ्याला शिष्य करून घेताना गुरू त्याला जो उपदेश करतो तो आला आहे. रात्रंदिवस, मन लावून रोग्याच्या हितासाठी झट, त्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नकोस, असे त्यात आहे. विद्या हाती देण्याआधी सेवेचे बंधन घालणारी ही रीत थोर आहे. पण राजाचा ज्यांच्यावर रोष आहे त्यांना औषध देऊ नकोस, नवरा किंवा पालक हजर नसेल तर स्त्रीवर उपचार करू नकोस, हेही त्याच उपदेशात आहे. म्हणजे जल आणि वायू सगळ्यांचे सामायिक आहेत असे सांगणाऱ्या ग्रंथातच वैद्याचा हात सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. समाजाने तर पाणीसुद्धा सामायिक ठेवले नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच अधर्मावर बोट ठेवण्यासाठी. जे सर्वांचे आहे ते काहींचेच करणे, ही अधर्माची मला पटणारी व्याख्या आहे. पाण्याला ती लागू होते, तशीच विद्येला.

या व्याख्येची कसोटी घ्यायला १८९७ सालच्या सुरुवातीचे काही महिने पुरेसे आहेत. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी दिसू लागले आणि मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे ओळखले. पुढे १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीच्या ४ तारखेला साथरोग कायदा लागू झाला. ज्ञान आणि दंड असे दोन उपाय एका महिन्याच्या आत हाताशी आले. पण पुण्यात हा कायदा घराघरांत शिरला तो सोजिरांच्या बुटांनी. रोग्यांना ओढून नेणे, सामान बाहेर काढणे, बायामाणसांची तपासणी, यांनी लोकांच्या मनात रोगाइतकीच भीती सरकारची बसली आणि २२ जून रोजी प्लेग बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. उपाय अंमलदारांना कळला होता, पण तो ज्यांच्यासाठी होता त्यांना विश्वासात घ्यावे असे सत्तेला वाटले नाही. शिकवल्याशिवाय लादलेले आरोग्य लोकांना छळासारखे वाटते, ते असे.

त्याच पुण्याजवळ त्याच दिवसांत तिसरी गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उभा केला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात एका मुलाला प्लेग झाल्याचे कळले तेव्हा साठी उलटलेल्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत वाहून नेले. मुलगा वाचला. त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. या मृत्यूकडे आपण बलिदान म्हणून बघतो आणि हात जोडून पुढे जातो. मला त्यात एक युक्तिवाद दिसतो. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना अक्षरे शिकवायला लागलेली बाई १८९७ साली आजारी मुलाला उचलते, तेव्हा ती आपले जुने काम सोडून नवे काम हाती घेत नाही. अक्षर ज्यांना नाकारले त्यांना अक्षर, औषध ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांना औषध. पाठीवरचे ते ओझे वस्तीची सीमा ओलांडून जाते, आणि जुन्या उपदेशाने घातलेली मर्यादा तिथे मोडते.

आता आपला काळ. जानेवारी २०२० मध्ये नव्या विषाणूचा जनुकीय क्रम चिनी संशोधकांनी जगापुढे खुला केला आणि त्याच आधाराने ठिकठिकाणी लशींचे काम सुरू झाले. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणाला सुरुवात झाली. सामायिक केलेल्या ज्ञानाचे एवढे ठळक फळ क्वचितच दिसते. याच काळात शाळांना कुलपे लागली, लहान वर्गांना तर दीड वर्षाहून अधिक काळ. शिक्षण मोबाइलवर गेले. पण २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातल्या चारांपैकी एका घरातही इंटरनेट पोहोचले नव्हते. ग्रामीण भागात तर जेमतेम १५ टक्के घरांत. रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसणारी मुले हे या आकड्याचेच चित्र आहे. दुसरीकडे ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार फिरत होत्या, आणि जिल्हा परिषदेचे शिक्षकही सर्वेक्षणाच्या आणि नाक्यांवरच्या कामाला जुंपले होते. दारात उभी राहून आशाताई म्हातारीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते, आकडा वाचते आणि घरातल्या सुनेला समजावते: ९५च्या खाली गेला तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. त्या उंबऱ्यावर शाळा आणि दवाखाना यांतला फरक उरत नाही. यंत्र आकडा दाखवते. त्याचा अर्थ लावता आला तरच जीव वाचतो. आणि हे शिकवणाऱ्या बाईला आपली व्यवस्था स्वयंसेविका म्हणते, कामगार म्हणत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. एक, विद्या सामायिक मानली तर ती निर्माण करण्याचे कष्ट कोण घेईल? कष्टाचा मोबदला द्यावाच. प्रश्न कुलपाचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे साथीपुरती पेटंटची बंधने शिथिल करण्याची मागणी केली. तिला तोकडी मान्यता मिळायला जून २०२२ उजाडले. तोवर मरणारे मरून गेले होते. ज्याची मुळे खुल्या ज्ञानात आहेत त्या फळाला संकटकाळातही कुंपण घालणे न्यायाचे नाही. दुसरा आक्षेप असा की धर्माची, कर्तव्याची भाषा बोलली की सरकार सुटते. सगळा भार व्यक्तीच्या चांगुलपणावर येतो. ही भीती खरी आहे. पण मी वर सांगितलेला क्रम पुन्हा आठवावा: पहिला जबाब प्रमुखांना द्यायचा आहे. सावित्रीबाईंना मुलाला पाठीवर न्यावे लागले, हा त्यांचा मोठेपणा आहे आणि त्या व्यवस्थेवरचा आरोपही आहे. त्यांना वंदन करून आपण तो आरोप रद्द करू शकत नाही.

चरकाने प्रज्ञापराधाची फोड तीन शब्दांत केली आहे: धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश. समज सुटणे, संयम सुटणे, आठवण सुटणे. साथीच्या काळात पहिल्या दोन्हींची चर्चा खूप झाली. अफवांची आणि गर्दीची. साथीनंतरचा खरा धोका तिसरा आहे. १९१८च्या तापाच्या साथीने भारतात एक कोटीहून अधिक माणसे नेली, तरी तिची आठवण देणारे एखादे सार्वजनिक स्मारक सहज डोळ्यांपुढे येत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणाला द्यावा, हे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. सार्वजनिक आरोग्यावर अडीच टक्के खर्च करू, असे २०१७च्या आरोग्य धोरणाने म्हटले आणि त्याला २०२५ची मुदत घातली. दोन्ही आकडे अजून गाठायचेच आहेत. बुद्धीला सगळे कळलेले असते आणि तरी हातून काही घडत नाही, कारण आठवण टिकलेली नसते. शिक्षणाचे पहिले काम ही आठवण टिकवण्याचे आहे.

अग्निवेशाच्या गोष्टीतला एक बारकावा सहज नजरेतून निसटतो. औषधी काढून ठेवा, असे आत्रेय म्हणतात तेव्हा तो आधी सांगतो की त्या काढून ठेवल्या आहेत. मग प्रश्न विचारतो. विद्यार्थ्याच्या जिज्ञासेला नैतिक वजन येते ते या क्रमामुळे. आपल्या काळात वेळेआधी काढून ठेवायच्या औषधी कोणत्या, हे आता ओळखू येते. डॉक्टर आणि औषधे असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्या शेजारची चालती शाळा, पूर्ण पगार मिळणारी आशाताई, आणि तिने सांगितलेला आकडा वाचता येणारी सून. जमीन अजून कसदार आहे, तोवरच त्या जमा करायच्या आहेत.