माळ्यावरचा संग्रह

स्वयंपाकघराच्या आवराआवरीचा विषय आपल्या मासिकात कशाला, असे कोणी वारकरी बंधू विचारील. विचारणे रास्तच आहे. पण आवराआवर करता करता जो प्रश्न पुढे उभा राहिला तो त्यागाचा होता, आणि त्यागाविषयी आपण मंडळी पुष्कळ ऐकतो व पुष्कळ बोलतो. कीर्तनात ‘संग्रह नको’ असे बुवांनी म्हटले की माना डोलतात. मीही डोलावतो, आणि बसायला पहिली रांग धरतो.

चैत्रात मी आणि मुलाने मिळून घरचे स्वयंपाकघर आपल्याच हाताने नीट करायचे ठरविले. गवंड्याची व रंगाऱ्याची मजुरी झेपणारी नव्हती हे एक, आणि निवृत्तीनंतर हाताला काम हवे होते हे दुसरे. खोली जुनी. पूर्वी तीत चूल होती, तिच्या धुराने आढे काळे झालेले. आणि गॅस आल्यापासून फोडणीच्या वाफेने भिंती तेलकट. ओटा तर इतका ठेंगणा की त्याच्यावर वाकून वाकून आमच्या मंडळींची कंबर गेली. वीस वर्षे हे डोळ्यांपुढे होते. पण ओट्याशी उभे राहण्याचा प्रसंग मला कधी आला नाही, म्हणून दिसत असूनही दिसले नाही. पहिल्या दिवशी मापासाठी तिला ओट्यापाशी उभी केली तेव्हा ती म्हणाली, ‘अहो, आत्ता विचारताय?’ यावर मला उत्तर सुचले नाही. विटांचे दोन थर वाढवून वर कडप्पा बसविला.

चुना लावण्याचे काम सोपे वाटते, पण तेलकट भिंतीवर चुना धरत नाही. वरून कितीही हात मारा, थोड्याच दिवसांत पोपडे सुटतात. आधी भिंत खरवडायची, मग धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने पुसायची, मग वाळू द्यायची. कळीचा चुना पाण्यात सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. तो खदखदू लागतो तेव्हा डोळे सांभाळावे. रात्रभर निवला की फडक्याने गाळून त्यात मीठ, डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ. पहिला हात ओला असताना काही दिसतच नाही. मुलगा निराश झाला, ‘बाबा, लागलाच नाही हो.’ उन्हे वर आली, भिंत वाळली, आणि पांढरेपण आपोआप वर आले.

हे सारे करण्यापूर्वी खोली रिकामी करावी लागली. माळ्यावरचे, फडताळातले, मांडणीखालचे सारे अंगणात मांडले, तेव्हा एवढ्या लहान खोलीत एवढे सामान राहत कसे होते याचेच नवल वाटले. डालड्याचे पत्र्याचे डबे नऊ. कान तुटलेले कप. झाकणे आहेत पण डबे नाहीत, डबे आहेत पण झाकणे नाहीत. श्रीखंडाचे, तेलाचे, आइस्क्रीमचे प्लास्टिकचे डबे तर मोजलेच नाहीत. पाटा-वरवंटा, काथवट, एक उतरंड, आणि तांब्यापितळेची भांडी. पितळेला कल्हई नसली की आंबट पदार्थ कळकतात. कल्हईवाला गावात यायचा थांबला त्या दिवसापासून ही भांडी माळ्यावर चढली ती चढलीच.

मुलाने मोबाइलवर पाहून एक नियम सांगितला. वर्षभरात जी वस्तू हातात घेतली नाही ती घरातून काढावी. नियम ऐकायला बरा आहे. निम्मी अडगळ त्याने खरोखरच निघाली. पण आमच्या गावात आषाढीला जाणारी एक दिंडी मुक्कामाला असते, त्या एका संध्याकाळच्या पिठल्यासाठी आमच्याकडचे मोठे पातेले जाते. वर्षातून एकदा. नियमाच्या काठावर ते पातेले कसेबसे उभे राहिले. एखाद्या वर्षी दिंडीने वाट बदलली तर ते अडगळ ठरावे काय? दुसऱ्याच्या मुखी घास जावा म्हणून ठेवलेल्या भांड्याला संग्रह म्हणावे की तयारी, हे वापराच्या दिवसांवरून ठरत नाही असे मला वाटते.

दुसरी चूक मंडळींनी दाखविली. तडे गेलेले डबे व पोचे आलेली पातेली एका पोत्यात भरून मी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना देऊ केली, आणि दान केल्याचे समाधानही थोडे मिळविले. रात्री मंडळी म्हणाली, ‘त्यांचं घर एका खोलीचं. आपली अडगळ तुम्ही त्यांच्या घरी पाठवलीत.’ दुसऱ्या दिवशी ते पोते परत आणून भंगारात घातले आणि बाईंनाच विचारले. त्यांना झाकणाचे दोन चांगले डबे हवे होते. ते आमच्याही वापरातले होते. देताना हात किंचित अडखळला, त्यावरून वाटते की त्या साऱ्या पसाऱ्यात खरे देणे तेवढेच झाले असावे.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मी टाळाटाळ करीत आहे हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

आमची आई चौऱ्यांशी वर्षांची आहे. ती आठ दिवस माझ्या बहिणीकडे गेली होती, आणि काम काढायला मी नेमके तेच दिवस धरले. आई असली की एकेका वस्तूवर अडेल, हे मला ठाऊक होते. माळ्यावरची बहुतेक पितळेची भांडी मी मोडीत घातली. वजनावर पैसे मिळाले. आई परत आली, पांढऱ्या भिंती पाहिल्या, ‘बरं केलंस रे’ म्हणाली. मग वर पाहून विचारले, ‘कळशी कुठंय?’

१९७२ च्या दुष्काळात गावची विहीर आटली तेव्हा कोसभरावरून आई त्या कळशीने पाणी आणीत असे. मी तेव्हा नऊ वर्षांचा. हातात तांब्या घेऊन तिच्या मागे चालत असे. म्हणजे त्या कळशीची गोष्ट मला ठाऊक नव्हती असेही नाही. मी मोडवाल्याकडे धावलो. माल पुढे गेला होता.

आई रडली नाही. एवढेच म्हणाली, ‘मला कुठं वर न्यायची होती ती? पण विचारायचं होतंस.’

मुलाने माझीच बाजू घेतली. ‘आजीची ती आसक्तीच ना? तुम्हीच तर सांगता, वस्तूत जीव गुंतवू नये.’ शंका खोटी नाही, म्हणून तिचा विचार केला पाहिजे. धरून चालू की ती आसक्तीच होती. तरी एकादशी ज्याची त्याने करायची असते. कोणाच्या पुढचे वाढलेले ताट उचलून नेले तर तो उपाशी राहील खरा, पण त्याला उपवास घडला असे कोणी म्हणणार नाही. कळशीत माझे काही गुंतलेले नव्हते. मग ती देताना मी सोडले काय? आईचेही काही सुटले नाही, तिचे गेले. त्याग दोघांनाही घडला नाही आणि कळशी मात्र गेली.

तुकोबारायांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडविली ही कथा आपल्याला पाठ आहे. तिच्यातला एक बारकावा मात्र आपण घाईने ओलांडतो. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी त्याच्या हाती दिली, असे परंपरा सांगते. बुडविली ती आपल्या वाट्याची. वैराग्याच्या त्या भरातही भावाचा हिस्सा त्यांच्या ध्यानात राहिला. शिवाय त्यांनी टाकले ते दुसऱ्याकडून येणे असलेले. माळ्यावरचा फुटका डबा टाकण्यापेक्षा ते किती अवघड, याचा ज्याने कोणाला उसने दिले आहे त्याने विचार करावा.

गाडगे महाराजांचेही (१८७६–१९५६) उदाहरण आम्ही असेच वापरतो. जवळ एक खराटा आणि एक गाडगे, पाहा कसे अपरिग्रही, असे म्हणून घरातल्या माणसांच्या वस्तूंकडे बोट दाखवितो. त्या खराट्याचे महाराज काय करीत ते मात्र सांगत नाही. गावात शिरले की दुसऱ्यांनी केलेली घाण ते स्वतः झाडीत. लोकांच्या माळ्यावर ते चढले नाहीत.

मग कोणी म्हणेल, अशाने घरातून काही निघायचेच नाही. पिढीमागून पिढी माळा भरतच राहील. मलाही तसेच वाटत होते. पण उरलेल्या वस्तू घेऊन मी तीन संध्याकाळ आईजवळ बसलो. वस्तू हातात घेऊन ती आधी तिची हकीकत सांगे आणि मग निकाल देई. वेळ फार गेला हे खरे. पण डालड्याचे सगळे डबे, उतरंड आणि काथवट तिने आपणहून काढायला सांगितली. पाटा-वरवंटा शेजारच्या सुनेला दिला, तिला तो हवाच होता. मी तिच्या समोर एवढे टाकायला धजलो नसतो. एक वाकडी पळी मात्र तिने ठेवून घेतली. कशासाठी ते सांगितले नाही, मीही विचारले नाही.

मोडीचे पैसे पाकिटात घालून तिच्यापुढे ठेवले. तिने मोजले आणि म्हणाली, ‘तालुक्याला कल्हईवाला असंल तर बघ. ते मोठं पातेलं करून आण, आषाढीच्या आत.’ मिळाला. पातेले आतून चांदीसारखे होऊन आले.

जाता जाता तिने माझ्या खोलीत डोकावून पाहिले. तिथे भिंतीला लागून या मासिकाचे व आणखी कसले कसले जुने अंक उशीएवढ्या गठ्ठ्यांत बांधून ठेवले आहेत. खालच्या दोहोंना वाळवी लागली आहे. मी ते किती वर्षांत उघडले नाहीत हे सांगत नाही. ‘याचं काय करायचं रं?’ आईने विचारले. विचारले, बरे का. उचलून टाकले नाहीत. सध्या रोज दुपारी एकेक गठ्ठा सोडून बसतो. अकरांपैकी चार झाले आहेत, आणि त्यांतला एक पुन्हा बांधून ठेवला आहे.